द्राक्षांना आचारसंहिता

नाशिक, ता. ३ फेब्रुवारी

ती. सोमनाथमामांस,
सा. न. वि. वि.

मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून पत्रच. आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी घोळ घालून बसलेय. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलीय आणि एकाच वॉर्डातल्या दोन उमेदवार आमच्याच टेबलावर समोरासमोर बसतात, धोंडाबाई आणि गुलजारबी. दिवसभर प्रचार, घड निवडायचे राहतात. मी इथली सुपरवायझर, शहाणीने नोटीस लावली: कामाच्या जागी कुठलंही निवडणूक चिन्ह दिसता कामा नये.

धोंडाबाईचं चिन्ह कपबशी. गुलजारबीकडच्या बायकांनी लगेच चहाच्या कपबशा उचलायला लावल्या. मी स्टीलचे पेले आणले. मग धोंडाबाई उठली. गुलजारबीचं चिन्ह आहे द्राक्षं! "ताई, आता हे बी झाका," म्हणाली, आणि चाळीस बायका हाताची घडी घालून उभ्या. मला हसू आवरेना, पण माल न्यायला आलेला कंटेनर दारात.

आमचे मालक नवनाथशेठ म्हणतात, सोमवारपासून दोघींना घरी बसव. ऐन हंगामात त्यांचं काम जाणार, तेही माझ्या नोटिशीपायी. खरं सांगू, मला धोंडाबाई निवडून यावीशी वाटते. तुम्ही रेल्वे कारखान्यात इतकी वर्षं युनियन चालवलीत, काय करू सांगा. लोभ आहेच, या आठवड्यात जरा जास्त लागेल.

तुमची,
स्नेहल

मनमाड, ता. ५ फेब्रुवारी

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारच्या आत मिळावं म्हणून हे एसटीच्या कंडक्टरकडे देतोय. तुझी मामी इतकी हसली की पोळी करपली, ती मलाच खावी लागली.

आधी ती नोटीस काढून टाक. टेबलावर कामाचं बोलणं, जेवणाच्या सुट्टीत हवं ते, दोघींना सारखा वेळ. शेठना सांग, काढायचं तर काम बघून काढा, चिन्ह बघून नको.

अवघड आहे ते तुझंच. धोंडाबाई मनात आहे ना, तिथंच राहू दे. पाळ्या लावणाऱ्या बाईने मत सांगितलं की ऐकणारीला तो हुकूम वाटतो. मी ही चूक केली होती, माझा जिवलग फिटर दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी. मामीचे आशीर्वाद. माया कमी पडली तर कळव.

तुझा मामा

नाशिक, ता. २२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सोमवारी शेठना म्हटलं, नोटीस माझी होती, काढायचं तर आधी मला काढा. ते पुटपुटले, आठ दिवस बघू.

आणि मग काय बहार! रोज जेवताना सभा. धोंडाबाई रस्त्याबद्दल बोलायची, गुलजारबी नळाबद्दल, आणि बायका दोघींना घाम फोडायच्या. भोंगा झाला की केस झाकायच्या टोप्या चढवून सगळ्या टेबलावर. माल वेळेत निघाला, शेठही निवळले. मी मात्र तोंडातून अक्षर काढलं नाही.

गुलजारबी अकरा मतांनी निवडून आली. मला फार वाईट वाटलं. धोंडाबाईने मात्र सगळ्यांआधी तिला पेढा भरवला आणि म्हणाली, "आता लय काम करावं लागंल, मेंबरबाई."

दुसऱ्याच दिवशी दोघी एकच अर्ज घेऊन माझ्यापुढे. चाळीस बायकांना एकच संडास आहे, शेठनी आणखी दोन बांधावेत. शेठ चिडले, म्हणाले, हे राजकारण नाही का? मी म्हटलं, आहे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत या.

आले, मामा! उलट्या क्रेटवर बसून त्यांनी आपली पाळी येईपर्यंत ऐकलं. पायाचं खोदकाम कालपासून सुरू झालंय. त्या अर्जावर धोंडाबाई आणि गुलजारबीच्या खाली तिसरी सही माझी आहे.

मामीला नमस्कार. दोघांची माया अशीच असू द्या.

तुमची,
स्नेहल