मरळीऐवजी मृगळ

अण्णा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आई अजून सांगते. तिच्यासमोर मी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मासे ओळखायला तुम्ही शिकवलंत, हे खरं. पण कसं शिकवलंत तेही लिहिते. मुळा धरणाच्या काठावर जाळी निघाली की रोहू, कटला टेम्पोत जायचे आणि कुणी न घेतलेली चिल्लर मासळी आपल्या पाटीत पडायची. त्यातला एकेक मासा उचलून तुम्ही माझ्यापुढे धरायचात. मी नऊ वर्षांची. डोकऱ्याला मी मरळीचं पिल्लू म्हटलं की तोच ओला मासा गालावर बसायचा. डोकऱ्याच्या पराला तांबडी कड असते, ती दिसत नाही का, म्हणून वर बोलणी. शिंगटा ओळखता आला नाही त्या दिवशी तुम्ही माझं बोट धरून त्याच्या काट्यावर दाबलंत. "आता इसरायची न्हाईस," म्हणालात. हात कोपरापर्यंत ठणकत होता. रात्री आईनं तीच चिल्लर चिंच आणि येसूर मसाला घालून शिजवली, मी डाव्या हातानं भाकरी कुस्करून खाल्ली. रस्सा चांगला झाला होता, याचाही मला राग आला.

पुढे रस्त्याला लागून तुम्ही ढाबा टाकलात. शिर्डीहून परतणाऱ्या गाड्या दुपारी थांबायच्या. मी एकोणीस वर्षांची असताना असंच एक कुटुंब आलं, बरोबर एक म्हातारे गृहस्थ, तोंडात एकही दात नाही. त्यांच्या सुनेनं तुम्हाला दोनदा सांगितलं, मरळच द्या, तिला मधला एकच काटा असतो, दुसरा मासा यांना चालत नाही. मरळ सकाळीच संपली होती. तुम्ही मान हलवलीत, आत आलात आणि मृगळ कापून रव्यात घोळवलात. मृगळाच्या मांसात केसासारखे दुतोंडी काटे असतात, हे मला तुमच्याकडूनच कळलेलं.

तिसऱ्या घासाला म्हातारे घसा धरून उठले. थुंकीतून रक्त येतंय, सून त्यांच्या पाठीवर थापा मारते आहे, मुलगा गाडीची किल्ली शोधतो आहे आणि मी तुमच्याकडे बघते आहे. राहुरीच्या डॉक्टरांनी काटा काढला, म्हातारे वाचले. तासाभरानं मुलगा परत आला आणि त्यानं विचारलं, हा मासा कुठला होता. चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही माझ्या कानाखाली वाजवलीत.

"पोरगी कापायला बसली हुती," म्हणालात. "तिला मासा वळखू येत न्हाई."

दहा वर्षं मार खाऊन शिकले होते, ते तुम्ही एका वाक्यात पुसून टाकलंत. नंतर बाजारातल्या बाया साधी चिलापी माझ्या नाकापुढे धरून विचारायच्या, ही कंची गं? तुम्ही शेजारी उभे राहून ऐकायचात. चूक माझी नव्हती, असं एकट्यातसुद्धा कधी म्हणाला नाहीत. शेवटच्या दुखण्यात मी तुम्हाला काटे काढून मासा भरवत होते. तेव्हा तरी म्हणाल असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "नीट बघून काढ."

परवा नगरच्या बाजारात चिल्लरीच्या ढिगातून मी डोकरे वेगळे काढून घेतले. मासेवालीनं विचारलं, ताई, तुमाला कुनी शिकवलं. मी म्हटलं, कुणी नाही.

हा कागद आईच्या हाती लागणार नाही, अशा जागी ठेवीन. कारण एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. म्हाताऱ्यांचं ताट मीच नेलं होतं. सुनेला नुसतं सांगायचं होतं, यांना देऊ नका. मी बोलले नाही. एखादा काटा त्यांच्या जिभेला लागेल आणि तुम्ही सगळ्यांसमोर पकडले जाल, असं मला वाटलं होतं.