अल्माझानला बिल आणत नाहीत

३ ऑक्टोबर, अल्माझान

या देशात सकाळी अंडं मिळत नाही. कोंबड्या आहेत – पहाटेपासून एक कोंबडा बोंबलत होता, मी ऐकलाय – पण अंडं खायचं ते दुपारी! सकाळी काय, तर भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळायचा आणि वर तेल ओतायचं. टोमॅटो घालायचा नाही हं, चोळायचा. ओहायोत माझ्या डायनरमध्ये हे कुणापुढे ठेवलं असतं तर त्याने विचारलं असतं, ड्वेन, धंदा बसला का तुझा?

मार्सी म्हणते, होईल सवय. मला सवय करून घ्यायचीच नाहीये. मी तिला न्यायला आलोय. हायवेवर तीन डायनर, शून्यातून उभी केलेली, आणि एकुलती एक मुलगी स्पेनमधल्या एका गावात पोरांना इंग्रजी शिकवत बसलीय! हॅनिगनला तिन्ही विकत हवीत. पंधरा तारखेपर्यंत त्याला कळवायचंय. मार्सी परत येऊन धंदा सांभाळणार असेल तर नाही म्हणायचं, नसेल तर हो. इतकं सोपं.

तिला अजून विचारलेलं नाही. आधी प्रवासाचा शीण उतरू दे.

४ ऑक्टोबर

पाण्यात बर्फ मागितला. दोन खडे आले. चमच्यातून, औषधासारखे.

५ ऑक्टोबर

मार्सीच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय. वॉशर आणायला गेलो, तर दुकानदार शटर ओढत होता. दोन वाजायचे होते अजून! एक वॉशर हवा, अशी खूण केली. त्याने हसून जेवायची खूण केली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. उघडणार पाच वाजता. गिऱ्हाईक दारात उभं, आणि हा चालला जेवायला! नोकराने असं केलं असतं तर त्याच दिवशी काढला असता. पण हा मालक. मालकाला कोण काढणार?

जावई फर्मिन फर्निचरच्या कारखान्यात सुतार आहे. माणूस वाईट नाही. तोही दुपारी जेवायला घरी येतो. आधी सूप, मग मासा, मग फळ – तेही सुरीने सोलून, साल एका पट्टीत निघाली पाहिजे! मी म्हटलं, आमच्याकडे लोक गाडीत जेवतात, एक हात स्टिअरिंगवर ठेवून. मार्सीने ते त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं. तो बिचारा काळजीत पडला.

"का? घरी भांडण झालेलं असतं का?"

मार्सी कपडे अजून दोरीवर वाळत घालते. ड्रायर घेऊन देतो म्हटलं, तर म्हणाली, "ऊन आहे ना, डॅड." संपलं. माझ्याशी ती अशीच बोलते. विम्याच्या ऑफिसात बोलल्यासारखं, कामापुरतं, हळू आवाजात. शाळेत असताना सुट्टीत डायनरमध्ये भांडी घासायची, तीही कानात वायरी घालून, मान खाली. मला वाटायचं, पोरगी शांत आहे.

७ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे. ओहायोत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

मार्सी सासूबरोबर बाजारात गेली होती. मी एकटाच चौकातल्या सातुरच्या खाणावळीत जेवायला गेलो. खांबामागचं कोपऱ्यातलं टेबल. जेवण बरं होतं – कोकराचं मांस होतं, आणि कोकरू बिघडवायला अक्कल लागते. एक वाजता बसलो, दोनच्या आत ताट पुसून मोकळा. मग बिलाची वाट बघत बसलो.

बिल येईना.

आता माझ्या धंद्यातला पहिला नियम असा, की गिऱ्हाइकाचा शेवटचा घास आणि बिल एकाच वेळी टेबलावर पोचलं पाहिजे. गिऱ्हाइकाला बिल मागावं लागलं, तर हॉटेलवाल्याने मान खाली घालावी. तेव्हा मी मागणार नव्हतो. म्हटलं, बघू तर खरं हा गाढव किती वेळ लावतो!

मी सातुरकडे रोखून बघितलं. त्याने कॉफी आणून ठेवली. ताट पुढे ढकललं, तर चीज आणि गोड वड्या घेऊन आला. शेवटी हाताची घडी घालून डोळे वटारले. त्यावर एक छोटा ग्लास भरून आणला आणि वर माझ्या पाठीवर थाप मारली! म्हटलं, हा लुबाडतोय मला. भोवतालची टेबलंही तशीच. ताटं उचलून नेलेली, माणसं जागची हलत नाहीत, नुसती तोंडं चालू. माझ्याकडे एवढ्या वेळात त्या खुर्च्यांवर चार पंगती उठल्या असत्या.

तेवढ्यात मार्सी आणि विहीणबाई फेलिसा आल्या. पिशव्या खाली ठेवून काउंटरपाशी उभ्या राहिल्या. मी खांबामागे, मला कुणी बघितलं नाही. मार्सीचं आणि सातुरचं कशावरून तरी जुंपलं. मला स्पॅनिश येत नाही, पण कान आहेत. वीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलोय, कोण चिडलंय, कोण नाटक करतंय, कोण आपल्या घरात असल्यासारखं बोलतंय, हे मला भाषेशिवाय कळतं.

ती पोटातून बोलत होती. सातुरचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. म्हातारे टेबलावर हात आपटून हसत होते, विहीणबाई तिला कोपर मारत होत्या, आणि ती थांबत नव्हती. असं बोलताना मी एकाच बाईला ऐकलंय. डोरीनला, माझ्या बायकोला, ट्रकवाल्यांशी.

मग तिने मला बघितलं आणि आवाज उतरला. "डॅड? इथे?"

बिलाची वाट बघतोय म्हटलं. तिने ते भाषांतर करून सांगितलं आणि अख्खी खाणावळ हसली. सातुर मात्र दुखावला होता. मार्सीने त्याचं बोलणं मला सांगितलं (डॉन म्हणजे इकडे साहेब):

"तुम्ही मागितल्याशिवाय मी बिल कसं आणू, डॉन ड्वेन? पाहुण्याला हाकलू का?"

मी म्हटलं, माझ्याकडे शेवटच्या घासाबरोबर आणतात.

"मग तुमच्याकडे माणसं परत कशी येतात?"

मूर्ख प्रश्न! चांगली रांगा लावून येतात. हे त्याला सांगितलं. वरच्या सगळ्या खाण्यापिण्याचे पैसे त्याने लावलेच नव्हते, ते वेगळं. हा असला धंदा टिकतो कसा देव जाणे.

८ ऑक्टोबर

विहीणबाईंकडे रविवारचं जेवण. भर दुपारी बसलो, उठलो तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. माणूस म्हातारा होतो हो या टेबलांवर! सगळे एकदम बोलतात, ऐकायचं काम कुणाकडेच नाही. विहीणबाई मला दर वेळी विचारतात, तुम्ही आजारी आहात का – कारण मी तिसऱ्यांदा वाढू देत नाही.

घरी परतल्यावर मार्सीला विचारून टाकलं. हॅनिगनचं सगळं सांगितलं. म्हटलं, तिन्ही तुझीच आहेत, तू नाही आलीस तर नावाची पाटीसुद्धा उतरेल. ती म्हणाली, फर्मिनशी बोलते.

९ ऑक्टोबर

नळ अजून गळतोय. सोमवारी दुकान बंद!

१० ऑक्टोबर

जिंकलो!

जेवताना म्हणाली, "येते, डॅड. जानेवारीत. बोलणं झालंय आमचं." तोच विम्याच्या ऑफिसातला आवाज. फर्मिनने मान हलवली. त्याला ओहायोत सुतारकाम मिळेल का, त्याने विचारलं. मी म्हटलं, हवं तेवढं. तो पेर सोलत होता, साल तुटली, त्याने ती तशीच ताटात सोडली.

जेवण लवकर आटोपलं. अगदी आपल्याकडच्यासारखं. मला बरं वाटायला हवं होतं.

मग ती सासूला सांगायला शेजारच्या घरात गेली. मधली भिंत पातळ आहे, एरवी त्या दोघींचं कुजबुजणंसुद्धा इकडे येतं. मी खुर्ची भिंतीजवळ घेतली. रडणं येईल, नाहीतर आरडाओरडा. काहीच आलं नाही. भांडं वाजलं नाही. या रिकामटेकड्या देशात आल्यापासून मी कुणाला गप्प बसलेलं ऐकलं नव्हतं.

११ ऑक्टोबर

मार्सीला सांगितलं, की उशीर झाला, तिन्ही डायनर मी गेल्या आठवड्यातच हॅनिगनला विकून टाकली. मग रविवारी मला विचारलं कशाला, म्हणून ती जी भडकली – इंग्रजीत, पोटातून, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत! विहीणबाई धावत आल्या.

ओहायोत अजून पहाट आहे. हॅनिगन झोपला असेल. त्याला उठवून सांगायला हवं, की त्याने डायनर विकत घेतलीत.