ऑस्टिन विकणे आहे

पेनांग,
११ ऑगस्ट १९९६

चि. कियात,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. गुडघा सोडला तर माझं बरं चाललंय. इपोहला पाण्याची बोंब आहे म्हणे. उकळून पी.

बाबांची ऑस्टिन विकायला काढल्याचं तुला पेपरातल्या जाहिरातीतून कळलं, याचा राग आलाय तुला. येऊ दे. गेल्या सात वर्षांत तू किती गोष्टी मला सांगून केल्यास? आणि घाई कशाला म्हणतोस, तर पडवीत जागा अडते म्हणून.

लोक येतात. जुन्या गाड्यांचे हे शौकीन म्हणजे एक वेगळीच जमात आहे बघ. मुलगी बघायला आल्यासारखे येतात. दार उघडतात, लावतात, नुसता आवाज ऐकतात. क्वालालंपूरहून दोराईराज म्हणून एक निवृत्त हेडमास्तर आले होते. इस्त्रीच्या शर्टानिशी जमिनीवर उताणे झोपून गाडीखाली शिरले. म्हणाले, "बाई, अठ्ठावन्न सालची गाडी, मूळचा रंग, मूळचं कातडं. अशी आता बघायला मिळत नाही." शेजारी छत्री धरून उभी असलेली त्यांची बायको म्हणाली, "तीस वर्षांत माझ्याकडे एवढं निरखून बघितलं नाही यांनी."

ते वहीत सगळं टिपून घेतात, इंजिनाचा नंबर, मैलांचा आकडासुद्धा. तीन आठवड्यांनी परत आले, तर आकडा त्रेपन्नने पुढे. "गाडी चालवता वाटतं, बाई?" मी म्हटलं, चार ठोकळ्यांवर चढवलीय, बॅटरी काढून कपाटात ठेवलीय, कशी चालवू? ते हसले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. मग चहा न पिताच निघाले. म्हातारपणी आकडे चुकतातच माणसाचे.

तूच घेतो म्हणालास, पण नको. तळ पार गंजून गेलाय, फुकट घेतलीस तरी महाग पडेल. बघायलाही येऊ नकोस.

तुझी ताई,
सॉ इम


पेनांग,
२ सप्टेंबर १९९६

कियात, राजा,

तुझं पत्र जेवताना वाचलं, आणि पुढचा घास गेला नाही.

तू गमतीत लिहिलंस की, बाबा गेल्यापासून रोज तेच स्वप्न पडतं, मी ऑस्टिन चालवतोय आणि बाबा मागे बसून "डावीकडे घे, गाढवा" म्हणतायत. उठलो की पायात गोळे आलेले असतात, हाताला पेट्रोलचा वास येतो. चार महिन्यांत अकरा किलो उतरलो, डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि वर लिहितोस, "बाबा सुट्टीच देईनात." मला हसू आलं नाही रे.

खरं सांगते. गाडीचा तळ ठणठणीत आहे.

बाबांची शवपेटी तीन दिवस घरात होती. येणारा प्रत्येक जण विचारायचा, मुलगा कुठाय? मी सांगायचे, वाटेत आहे. बाबांनी तुला "माझ्या मढ्यालाही येऊ नकोस" असं बजावलं होतं, हे मला आत्ता तुझ्या पत्रातून कळलं. मला वाटलं, तुलाच यायचं नव्हतं. रागाने नुसती जळत होते मी.

जाळलेलं माणसाला तिकडे पोचतं, म्हणून रीतीप्रमाणे त्यांच्यासोबत जाळायला कागदाची गाडी करून घेतली. निळी ऑस्टिन, नंबरही खराच घातला. म्हाताऱ्याला तिकडे दुसरी गाडी चालली असती का? सोबत कागदाचा ड्रायव्हर. त्या कागदी वस्तूंच्या दुकानातले लिम मास्तर कुंचला उचलून म्हणाले, "नोकराला नाव लागतं, नाहीतर तो हुकूम ऐकत नाही. सांग एखादं बनावट." मी म्हटलं, लिहा, चिन कियात. आयुष्यभर मुलगा-मुलगा केलंत ना बाबा, घ्या. मास्तरांना काय ठाऊक ते कुणाचं नाव? त्यांनी त्याच्या छातीवर लिहिलं. काडी मी लावली.

तेव्हापासून रोज सकाळी ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली असते, तुझे लांब पाय मावतील इतकी. मी पुढे ओढते, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे. एकदा तिच्यावर हात ठेवला. पाठ टेकते तिथे कातडं गरम होतं आणि घामाने ओलं. म्हणून विकायला काढली मी गाडी. कुणाच्याही दारात जाऊ दे, माझ्या डोळ्यांसमोर नको. तोवर तुझं काय होतंय हे मला माहीत नव्हतं. माझी चूक झाली कियात, फार मोठी चूक झाली.

काल मास्तरांकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "जिवंत माणसाचं नाव? आणि तेही सख्ख्या भावाचं? चाळीस वर्षांत असला गाढवपणा बघितला नाही मी." म्हणाले, लिहिलेलं नाव पुसता येत नाही, बदली माणूस तेवढा पाठवता येतो. मी म्हटलं, मग पाठवा कुणीतरी बनावट नावाचा. ते म्हणाले, "तुझ्या बापाला आता पोटच्या पोराची सवय लागली. परक्याच्या हातात देईल तो गाडी?"

नाही देणार. आपल्या बाबांना मी ओळखते.

आज सकाळी अंगणात दुसरा ड्रायव्हर जाळला. त्याच्यावर नाव घालायला मास्तर काही केल्या तयार होईनात. शेवटी कुंचला मागून घेतला आणि मीच लिहिलं.

गाडी आता विकायची नाही, तसं दोराईराजांना कळवलंय.

तू आज पोटभर जेव आणि स्वस्थ झोप. स्वप्न पडलं नाही तर मला लगेच पत्र टाक, उशीर करू नकोस. माझी काळजी करू नकोस. मला गाडी चालवता येत नाही खरी, बायकांचं काम नाही म्हणून त्यांनी मला कधी पुढे बसूही दिलं नाही. पण आता शिकवतील. तुला शिकवलं तसंच, मागे बसून, शिव्या देत.

तुझ्या जागी,
सॉ इम