फोटोत न आलेले पाय

अव्वा,

तू दर वर्षी जायचीस ते बर्फाचं गाव मी बघून आले. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर तू म्हणाली असतीस, ‘मुद्द्याचं बोल की.’ गाव कसलं, देवदारांच्या मधे एक उतार, पायथ्याशी लाकडी लॉज, पाच-सात घरं आणि एक चहाची टपरी. मनालीसारखी गर्दी नाही, गाण्यांचा दणदणाट नाही. आईबाप पोरांना घेऊन येतात, पोरं पायांना स्की बांधून पडत-उठत घसरतात, आणि दुपारी सगळे उन्हात बसून मॅगी खातात. मला वाटलं होतं, एकदा डोळ्यांनी बघितलं की मनातलं निवेल. निवलं नाही. उलट पोटात जास्तच दुखायला लागलं. आता वारलेल्या आईवर जळणारी बाई जगात कुठे असते का? पण मी आहे तशी, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

अप्पा गेले तेव्हा मी दुसरीत होते. पुढच्याच वर्षी त्या सहलवाल्या मालकांनी कुणाच्या तरी लग्नात तुझ्या हातची कडक भाकरी खाल्ली आणि तुला आचारी म्हणून बोलावलं. आपल्या लोकांची गंमतच असते. हिमालय बघायला हजार मैल जातील, पण तिथेही ताटात झुणका आणि शेंगांची चटणीच पाहिजे. संक्रांत झाली की उचगावच्या आपल्या दोन खोल्यांत तुझं भाकरीचं काम सुरू व्हायचं. परातीत पीठ मळतेयस, थापतेयस, पापडासारखी पातळ झाली की तव्यावर टाकतेयस, आणि भाजलेली भाकरी चुलीच्या कडेला उभी करून वाळवतेयस. वाळली की धोतराच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. महिनाभर टिकायची ती. मी दप्तर टाकून त्या डब्याशेजारी बसायचे आणि वास घ्यायचे.

एकदा मी एक भाकरी काढली. नुसती काढली, खाल्लीही नव्हती, कडेचा तुकडा तेवढा मोडला होता. तू वळून बघितलंस.

‘ठेव ती.’

‘एकच घेतोय की अव्वा.’

‘तुझी न्हाय ती. पावण्यांची हाय. तुला रात्री मऊ करून घालतो, ती खा.’

रात्री तू मऊ भाकरी केलीस, दूध-गूळ घालून कुस्करून दिलीस. मी ती खाल्ली. पण तू वाळवलेल्या त्या ढिगाकडे बघत खाल्ली, आणि ज्या पोरांच्या तोंडात ती कडक भाकरी जाणार होती त्यांना मनातल्या मनात एकेक करून शाप दिले. त्यांची नावंही मला ठाऊक नव्हती.

मग जायचा दिवस. मावशी मला सहलीच्या ऑफिसासमोर घेऊन यायची. पुण्याला जाणारी लक्झरी उभी, टपावर तुझी पातेली, सिलिंडर आणि डबे चढवलेले. उद्यमनगरातले कारखानदार, गुजरीतले सराफ, त्यांच्या बायका आणि पोरं. ऐन शाळेच्या दिवसांत निघालेली पोरं! मी ‘मला ने’ म्हटलं की तू सांगायचीस, ‘शाळा बुडंल.’ त्यांची शाळा बुडली तर चालत होती. बहुतेक त्यांच्या शाळेला पोहता येत असावं. तू विभूती लावलेली, अंगावर अप्पांचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. गाडीची पायरी चढताना मी मागून जोरात ओरडायचे, ‘अव्वाऽऽ!’ तू वळायची नाहीस. एका वर्षी नाही, कधीच नाही. मावशी माझा हात दाबून म्हणायची, ‘इंजनाचा आवाज केवढा हाय बघ. ऐकू आलं नसंल तिला.’ मी मान हलवायचे. पण त्या इंजिनाच्या आवाजात कुणीतरी ‘काकू, पाण्याचं पिंप राहिलं’ म्हणालं, तर तुला ते बरोबर ऐकू यायचं.

परत आलीस की तू पहिल्या दिवशी झोपायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकांच्या पोळ्या लाटायला जायचीस. मी विचारायचे, बर्फ कसं असतं? तू म्हणायचीस, ‘गार.’ अजून काय? ‘पांढरं.’ एकदा मात्र तू माझ्यासाठी लाल लोकरीचे हातमोजे आणलेस. मी ते घातले आणि आतून कोल्ड क्रीमचा वास आला. कुणीतरी वापरून झाले होते ते. दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीच्या उन्हात तेच घालून शाळेत गेले, हाताला घाम फुटला, बाईंनी विचारलं तर सांगितलं, आमच्या अव्वानं बर्फातून आणलेत. वर्गातल्या पोरी जळाव्यात म्हणून घातले होते. जळलं कुणीच नाही, हसल्या सगळ्या.

ज्या पोरीचे ते हातमोजे होते तीच पुढच्या महिन्यात आपल्या दारात आली. आठवतं ना? कारखानदारांची मुलगी, माझ्याच वयाची, बॉबकट केलेली. गाडी गल्लीत शिरेना म्हणून कोपऱ्यावर उभी केली आणि तिचे वडील फोटो द्यायला आले. ती मात्र सरळ चुलीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘काकू, कडक भाकरी द्या ना.’ आणि तू दिलीस! वर तुपाचं बोट फिरवून दिलीस. मी दाराला टेकून बघत होते. ती कुरूमकुरूम खात मला सांगायला लागली, ‘तुला माहितीय, काकूंनी तिकडं काय केलं? सगळे इतके हसले, इतके हसले...’

‘गप गं,’ तू म्हणालीस, ‘काय बी सांगतीस. खा गुमान.’

पण तू लाजली होतीस. तुझ्या तोंडावर ते लाजणं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या पोरीला तुझ्याबद्दल काहीतरी ठाऊक होतं जे मला नव्हतं, आणि तुम्ही दोघी ते माझ्यासमोर लपवत होतात. फोटोत ती पुढे उभी, मागून तू तिचे दोन्ही दंड धरलेले, दोघींची तोंडं हसून वाकडी झालेली. फोटो काढणाऱ्याने गुडघ्याखालचं सगळं कापलं होतं. तू दात दाखवून हसतेस हे मला त्या फोटोमुळे कळलं. घरात तू हसायचीस ती ओठांनी, आणि तीही शेजारी कुणी आलं तर. त्या पोरीचा मी अजून राग करते. मागे एकदा ती आमच्या बँकेत आली होती, लॉकरसाठी. मला ओळखलं नाही तिने. मी तिला उगाच तीनदा सही करायला लावली.

मी कॉलेजला असताना तुला कावीळ झाली आणि तू बघता बघता गेलीस. बर्फाचं काही सांगितलं नाहीस, शेवटपर्यंत. फोटो तेवढा राहिला.

आता या फेब्रुवारीत आम्ही गेलो. जावई तुझा शांत माणूस आहे, मी ‘इथेच जायचं’ म्हटल्यावर त्याने कारण विचारलं नाही. नात तुझी चौथीत. तिची शाळा बुडवली मी, मुद्दाम बुडवली. लॉजच्या शेजारी एक म्हातारा स्की भाड्याने देतो आणि नवख्यांना शिकवतो. इतका सावकाश शिकवतो की पोरं त्याच्या मागे बदकांच्या पिल्लांसारखी चालतात. दुसऱ्या दिवशी मी पर्समधून फोटो काढून त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा पुसला आणि एकदम ओरडला, ‘अरे, ये तो रोटीवाली अम्मा!’

मग त्याने सांगितलं ते सगळं मी उभ्या उभ्या ऐकलं. दुपारची जेवणं आटोपली, भांडी झाली की तू उतारावर यायचीस. पहिल्या वर्षी नुसती बघत उभी होतीस. दुसऱ्या वर्षी म्हणालीस, मलाही बांध. ओल्या बर्फात स्की चिकटत होत्या, तिथली पोरं तळाला मेणबत्ती घासत होती. तू म्हणालीस, थांबा, आणि स्वयंपाकघरातून गोडेतेलात बुडवलेला कपडा आणून तवा पुसावा तशा दोन्ही स्की खालून चांगल्या पुसून काढल्यास. मेणबत्ती लावलेला माणूस घसरतो, अव्वा, तेल लावलेला सुटतो! तू साडीचा काचा मारलेला, स्वेटर, डोक्याला मफलर, तशी थेट खाली, कुणालाही थांबवता येईना, आणि लाकडांच्या ढिगाशेजारी गवताची गंजी होती तिच्यात कमरेपर्यंत घुसलीस. सगळे धावत आले. तू गवतातून तोंड बाहेर काढलंस आणि म्हातारा म्हणतो, तू इतकी हसत होतीस की तुला उभं करता येईना. मग स्वतःच उठलीस आणि वर बोट करून म्हणालीस, ‘फिर से.’

त्यानंतर दर वर्षी, रोज दुपारी. शेवटी शेवटी तू चांगली घसरायचीस, पोरांना शिकवायचीस. फोटोवर बोट ठेवून म्हातारा म्हणाला, यात पाय आले नाहीत, पण स्की त्या पोरीच्याही पायांत आहेत आणि अम्माच्याही. वरून येताना तू मोठ्याने ओरडायचीस म्हणे. काय ओरडायचीस? ते त्याला कळायचं नाही, तुमच्या भाषेत असायचं.

मी विचारलं. न विचारता राहवलं असतं तर किती बरं झालं असतं. मी विचारलं, घरचं कधी काही बोलायची का? मुलीबद्दल?

त्याने मनापासून आठवून बघितलं. खोटं बोलला असता तर मी विश्वास ठेवला असता. पण तो साधा माणूस, म्हणाला, ‘नहीं बेटी. घर की बात अम्मा कभी नहीं करती थीं.’

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर शोभेल, पण मी गाढ झोपले. सकाळी उठले ती तणतणतच. इतकी वर्षं मी त्या बॉबकटवालीवर जळत होते आणि जळायला हवं होतं ते या उतारावर. शंभर-दीडशे पावलांचा उतार! त्याला तू दात दाखवलेस, त्याच्यासाठी काचा मारलास, त्याच्या अंगावर ओरडलीस, आणि मला ‘गार’ आणि ‘पांढरं’ एवढे दोन शब्द दिलेस. मी त्याला म्हणजे त्या म्हाताऱ्याला सांगितलं, मलाही बांध. रागाने सांगितलं. तो हसला आणि माझ्या स्कींना मेणबत्ती घासून दिली.

मी सकाळभर पडले. कोपर सोलवटलं, पार्श्वभाग सुजला, नातीने तुझ्या फोटो काढून घेतले. दुपारी लोक जेवायला गेले, उतार मोकळा झाला, आणि एकदा कसं कोण जाणे, मी पडले नाही. गुडघे वाकले, अंग पुढे झुकलं आणि खालचं जग माझ्याकडे यायला लागलं. कानात वारा. बँक नाही, कुकर नाही, कुणाचं कुणीच नाही मी. मी ओरडले, अव्वा. काय ओरडले ते सांगत नाही, आपल्याच भाषेत होतं.

खाली थांबले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. वर जायला दोर बांधलेला असतो, तो धरून पुन्हा चढायचं. मी दोराला हात घातला. तेवढ्यात लॉजच्या पायरीवरून पोरीने हाक मारली, ‘आईऽऽ! चल ना, भूक लागलीय!’ स्वच्छ ऐकू येण्यासारखं अंतर. वारा पडलेला. इंजिन नाही, काही नाही.

मी वळले नाही. दोर धरून वर गेले.

परत खाली आल्यावर ती गाल फुगवून उभी होती. ‘किती हाका मारल्या. ऐकू नाही आलं तुला?’

‘न्हाय गं,’ मी म्हणाले. तुझ्यासारखंच आलं तोंडातून, मी एरवी घरात असं बोलत नाही.

मग तिला पोटाशी धरून मॅगी खायला घेऊन गेले. तिने दोन प्लेट खाल्ल्या आणि विसरली. मी कधी विसरले नव्हते, ती खरंच विसरली का ते ठाऊक नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. लाल हातमोज्यांच्या आत घडी करून ठेवणार आहे, ते अजून कपाटात आहेत. पोरीला आता बरोबर बसतील, पण मी तिला ते देत नाही. जळणं माझं कमी झालेलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू, उताराचं नाव काढलं तरी आत चरचरतं. फक्त मावशीचं ते इंजिनाच्या आवाजाचं कारण मी आता सोडून दिलं.

मला तिची हाक ऐकू आली होती, अव्वा. पहिलीच.