लालसूचा जबाब

३ नोव्हेंबर २००८, गडचिरोली
वनहक्काचे नियम पुन्हा पहिल्यापासून वाचले. सरकारी मराठी अशी की वाक्याच्या शेवटाला पोचेस्तोवर सुरुवात विसरते. जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं, तरी मलाच धाप लागते. बोरटोल्यासारख्या खेड्यातल्या माणसानं काय करावं?

सलीमभाईच्या झेरॉक्स दुकानाबाहेरच्या फळ्यावर आजपासून हेच, सोप्या मराठीत. रीत नेहमीची. मी लिहायचं, सलीमला वाचून दाखवायचं, तो "मतलब?" म्हणाला की पुसायचं. आज "उपरोक्त" पुसलं. "सदर" पुसलं. "अनुषंगाने" लिहिताना माझाच हात थांबला.

सलीम : "बाई, सबच पुसून राह्यल्या. मंग उरलं काय?"

म्हटलं, कायदा उरला.

५ नोव्हें.
फळा पूर्ण. उतरवून ठेवते :
आदिवासी असाल आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलातलं वावर कसत असाल, तर दावा करा. (इतरांसाठी अट वेगळी, ती खाली.) दावा ग्रामसभेत द्यायचा. एकाहून जास्त पुरावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा. निकाल लागेपर्यंत कोणालाही वावरातून काढता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर.

शेवटच्या ओळीवर सलीम अडला. "दोघांच्या? बाईचं भी?"

"बाईचं भी."

"मंग माणसं वाचनारच नाईत हे."

म्हणून ती ओळ सगळ्यात मोठी केली.

११ नोव्हें.
बोरटोल्याची सुक्राबाई आली. साठीची असेल. वाचता येत नाही. सलीमकडून फळा वाचून घेतला आणि खालीच बसली. "हे माह्यंच लिवलं हाय," म्हणाली.

नवरा वारला. नाल्यापलीकडे एक वावर, बापाच्या वेळचं. भाऊ नाही, म्हणून बापामागं तिनं कसलं. उन्हाळ्यात वनरक्षक सांगून गेला, कागद नसेल तर पुढच्या सालापासून नांगर घालायचा नाही. याशिवाय तिच्याकडे दुसरं काही नाही.

पुरावा विचारला. पदराच्या गाठीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पावती काढली. जंगलात नांगरलं म्हणून जुन्या काळी झालेल्या दंडाची. तारीख २००५ च्या कितीतरी आधीची. म्हटलं, सुक्राबाई, हा पक्का पुरावा. तिला आधी पटेना. मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. "दंड भरला तवा लई रडली होती मी!"

आता दुसरा. सोपं आहे, म्हाताऱ्याचा जबाब. तर ती पावती पुन्हा गाठीला बांधू लागली.

"गावात म्हातारे नाहीत का?"

"हायत. बोलनार नाईत."

काऊन, ते सांगेना. बस लागली, गेली. माझा फार संताप झाला. अर्धं सांगून जाणारी माणसं मला शाळेतही चालत नसत.

१९ नोव्हें.
बोरटोल्याला जाऊन आले. धान कापणीचे दिवस, माणसं सापडेनात. संध्याकाळकडे म्हातारे भेटले. एकेकाला वेगळं विचारलं. उत्तर एकच : "लालसू सांगन."

वावर सुक्राबाईच्या बापाचं, हे सगळ्यांना माहीत. मग तुम्ही सांगा की! तर म्हणे, "ज्यानं ते रान फोडलं तो जित्ता हाय. त्याच्या आधी आमी तोंड उघडावं काय?"

लालसू सांगत नाही, म्हणून कोणीच नाही. शब्द फिरवायला तयार नाहीत. कायद्यात या अडचणीला कलम नाही.

परतताना सुक्राबाई सडकेपर्यंत सोडायला आली. तेव्हा कुठे बोलली. लालसू तिच्या बापाकडे लमसेना होता. म्हणजे मुलगी मिळावी म्हणून तिच्या घरी राहून राबायचं. त्याच वर्षांत त्यानं ते रान तोडलं, खुंटं उपटली, बांध घातला. आणि ही एक दिवस दुसऱ्याच्याच घरात बायको म्हणून जाऊन बसली.

"लालसू वाईट होता का?"

"नाई वो बाई. चांगलाच होता." बरंच चालल्यावर, "पर मले तो दुसरा आवडे."

पुढे लालसूचंही लग्न झालं, त्याची बायकोही आता नाही. सुक्राबाईच्या अंगणात मात्र त्यानं तेव्हापासून पाय ठेवलेला नाही. एवढंसं गाव. कसं जमवलं असेल?

२१ नोव्हें.
लालसूकडे गेले. बांबूच्या कमच्या काढत बसला होता. नियम समजावला, पहिल्यापासून. ऐकून घेतलं. मग विचारतो, "तुमच्या कायद्यात लमसेन्याचं काय लिवलं हाय?"

काही नाही, म्हटलं.

"मंग झालं."

मी पुन्हा समजावू लागले. एका बाईच्या पोटाचा प्रश्न आहे वगैरे. तो उठला, मला लोट्यात पाणी दिलं, आत गेला. बाहेर आलाच नाही.

सलीमला सांगितलं. म्हणतो, "बाई, तुमी त्याले डाटलं असन."

"डाटलं नाही. समजावलं."

"तेच ते."

३० नोव्हें.
दोन-तीन दिवस फळ्यावरची एकच ओळ डोळ्यांत खुपते आहे. "म्हाताऱ्या माणसाचा जबाबही पुरावा." जबाबात असतं काय, कोणाचं, ते यात कुठे आहे? सोपं करायच्या नादात माणूसच गाळला. पुसून नवी लिहिली : "म्हाताऱ्या माणसानं काय पाहिलं आणि स्वतः काय केलं, ते त्याच्या नावानं, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. तोही पुरावा."

वाचून दाखवली. सलीम "मतलब?" म्हणाला नाही. तंबाखूची पुडी फोडत होता, ती बाजूला ठेवली. मग म्हणाला, "ये अच्छा है."

७ डिसें.
पुन्हा लालसू. आज समजावायचं नाही असं ठरवून गेले. नुसतं विचारलं, त्या रानात झाडं कोणती होती?

ऐन. धावडा. एक बिजा, इतका जाड की कुऱ्हाडीचा दांडा मोडला. खुंटं जाळली, तरी मुळं राहिली. सुक्राचा बाप बांधावर बसून चिलीम ओढायचा आणि चुका काढायचा. "अस्सा बसे," म्हणून बसून दाखवलं. पोटभर हसला. ऊन अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला गेलं, तरी बोलतच होता.

मग म्हटलं, लालसूभाऊ, हे सगळं लिहून घेता येतं. सरकारी कागदावर, तुमच्या नावानं. "हे वावर मी फोडलं" अशी सुरुवात.

"आन् वावर?"

"दावा सुक्राबाईचा."

"तवाबी असंच झालं." चिडून नाही, जुनी गंमत सांगावी तसं. मग ना हो, ना नाही; कमच्या काढायला बसला.

२८ डिसें.
बोरटोल्यात ग्रामसभा. इतरांचे दावे झाले. सुक्राबाई कोपऱ्यात, पावती मुठीत. लालसूचा पत्ता नाही. आवरतं घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात निरोप : लालसू वावरात बसला आहे, ज्याला लिहून घ्यायचं असेल त्यानं तिथं यावं.

अख्खी सभा उठून नाला ओलांडून गेली. मीही, चपला हातात घेऊन.

तो गोंडीत बोलत पुढे चालला आणि वनहक्क समितीचा सचिव मराठीत लिहून घेत मागे. इथे बिजा होता. इथून दगड काढले, ते या बांधात आहेत, उकरून पाहा. वावराच्या मध्यभागी मोहाचं झाड. सचिवानं विचारलं, हे मागून लावलं का? "ठेवलं," लालसू म्हणाला. मोह तर कोणीच तोडत नाही. पण कोणी तरी बाई मागून बोलली, "याच्याच खाली बसून सुक्रा भाकर सोडे." बायका खुसुखुसु हसल्या. सुक्राबाईनं तिला चांगला धपाटा घातला. लालसू पुढच्या बांधाकडे चालू लागला होता.

शेवटी अंगठा. त्यानंतर बाकीचे म्हातारेही बोलले, एकदम सगळे. आता त्यांना आवरावं लागलं.

१४ जानेवारी २००९
ग्रामसभेच्या ठरावासह दावा पुढे उपविभागीय समितीकडे गेला. पोच घेतली. कारकुनाचं "ठेवून जा मॅडम" मला चालत नाही. तीळगूळ दिला, पोच घेतली.

९ फेब्रु.
उत्तर नाही. दुपारी फळ्यासमोर वनरक्षक उभा. तोच, बोरटोल्याचा. "निकाल लागेपर्यंत काढता येत नाही" ही ओळ वाचत होता. मी दुकानातून बाहेर आले, त्याला तीच ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणाला, "वाचलं मॅडम." मग हळूच, "माझ्या सासऱ्याचं वावर आहे तिकडं धानोऱ्याच्या अंगाला. त्यांचं कसं करावं?"

बसवलं त्याला. सांगितलं.

म्हणजे यंदा सुक्राबाईचा नांगर अडत नाही. पट्टा मिळो, मग पुढचं.

२२ मार्च
पट्ट्याचं अजून काही नाही. कळलं ते फक्त "पुढे गेला आहे." पुढे म्हणजे कुठे, ते सांगणारा भेटला नाही. परवा पुन्हा जाणार.

मोह पडू लागला. सुक्राबाई पानांच्या दोन्यांत फुलं घेऊन आली, एक माझ्यासाठी, एक सलीमसाठी. पहाटे वेचायला जाते, म्हणाली. "लालसू येते. बसते. वानरं हाकलते."

"अंगणातही येतो का?"

"वावरातून घरी जाची वाट माह्या अंगनातूनच हाय." एवढं म्हणून दुसरीकडे पाहू लागली.

मी आत पिशवी ठेवायला गेले. बाहेर आले तर ती फळ्यापुढे उभी. सलीमला म्हणत होती, "ते मोठं लिवलं हाय, ते वाच."

"पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर."

"अजून एकदा."

त्यानं वाचलं. माझ्याकडे पाहिलंही नाही शहाण्यानं. ती गेली, बस पकडायला.

घरी येऊन नियम पुन्हा काढले. दावा तिनं एकटीनं केला आहे. मधेच काही बदललं तर काय, याबद्दल एक शब्द नाही. मात्र लग्न झालेलं असेल तर नाव दोघांचं, हे स्वच्छ आहे. ते लग्न कोणत्या वयात, कितव्या खेपेला, याची अट कुठेच घातलेली नाही.

सकाळी लवकर जाऊन ती ओळ खडूनं पुन्हा गडद करायची. पुसट झाली आहे.