तेरवीचे तीनशे रुपये

मूल, जिल्हा चांदा
दि. ९ जून १९५७

चिरंजीव केवळराम यास,

आशीर्वाद. तू ते मागितले नाहीस. परंतु मायना अपुरा ठेवण्याची मला सवय नाही. येथे सर्व कुशल. छोट्या रुळांची गाडी नेहमीप्रमाणे उशिरा येते आणि तलावाचे पाणी तळाला गेले आहे.

तुझे पत्र पोचले. त्यातील ऱ्हस्वदीर्घ तांबड्या शाईने दुरुस्त करून ते सोबत परत पाठवीत आहे. मजकूर मात्र दुरुस्त होण्यासारखा नाही. माझ्या तेरवीच्या जेवणासाठी बाजूला ठेवलेले तीनशे रुपये तुला नागपुरात खोलीच्या पागडीसाठी हवेत आणि प्रेमिलेला मी तिच्या माहेरी पोचवावे, असे तू लिहितोस. तू तिकडे दुसरे घर मांडलेस त्याला चार वर्षे झाली. इतक्या दिवसांत लग्नाच्या बायकोचे नाव तू प्रथमच लिहिलेस, आणि तेही तिला घालवून देण्यासाठी.

आता माझा निर्णय ऐक. ते पैसे मी प्रेमिलेच्या शिक्षणासाठी भरले आहेत.

चांद्याला मी दोन कामांसाठी तिला घेऊन गेलो होतो. त्यांपैकी एक हे. तेथे एक हिशेबतपासनीस आहेत. त्यांच्या कचेरीत दोन वर्षे बसून प्रत्यक्ष काम शिकायचे. पगार नाही, उलट फी आपणच द्यायची. हे ऐकताच तू जे म्हणशील तेच मीही म्हणालो: राबायचे आपण आणि पैसेही आपणच मोजायचे, हा कोठला न्याय? तू गेल्यानंतर मी तिला मॅट्रिकला बसवले, ती उत्तीर्ण झाली, जमाखर्चाचे पुस्तक तिला पाठ आहे. मी हे सर्व त्या गृहस्थांना ऐकवले. त्यांनी एका धानगिरणीच्या बिलांचे गाठोडे तिच्यापुढे सोडले.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. "मामाजी, पुस्तकात समदं सरळ लिवलं रायते. इथी त कोनता कागद कुठी टाकाचा, थेच समजून नाई राह्यलं." तिचे डोळे भरले होते, पण लगेच म्हणाली, "मले हेच शिकाचं हाय."

मी ढिवराचा मुलगा आहे. माझ्या वडिलांनी मला जाळे काठावर बसवून शिकवले नव्हते. मी तेथेच पैसे मोजले.

आपल्या मच्छीमार संस्थेचा हिशेब आजही ठेकेदाराचा माणूस लिहितो आणि आपली माणसे त्याखाली अंगठे उठवतात. ते काम पुढे तिच्याकडे यावे, अशी माझी इच्छा आहे. येईलच, अशी हमी कोणी दिलेली नाही. मी मागितलीही नाही.

जातीचा पंच लटारू अंगणात येऊन ओरडला, "मास्तर, सुनेच्या शिकन्यात तेरवी बुडवली म्हंते! मंग तुमी गेल्यावर आमी का तुमच्या याकरनाचं पुस्तक चाटून घरी जावाचं?"

मी म्हणालो, "व्याकरण म्हण, लटारू."

तो हसला; पण जाताना म्हणाला, "जातीत तोंड दाखवाले जागा नाई राहणार तुमाले." न राहो. त्या दिवशी माझे तोंड दाखवण्याच्या स्थितीत असणारही नाही.

तुला आठवत असेल. उन्हाळ्यात तलावातील मासळी काढली की काठावर तिचे ढीग लागत. मी ढिगांकडे पाठ करून उभा राहत असे. मागून कोणी एका ढिगावर हात ठेवून विचारी, "हा कोनाचा?" आणि मी न पाहता नाव घेई. लहानमोठा ढीग कोणाला गेला, याचा दोष मग कोणावरच येत नसे. एके वर्षी आपल्या वाट्याला नुसते बारके झिंगे आले. तू रडत म्हणालास, "बाबा, थोडं मांगं पाहा ना." मी पाहिले नाही.

या वेळी मी मागे वळून पाहिले. ढीग एकच होता. एका बाजूला तू होतास, दुसऱ्या बाजूला ती. उघड्या डोळ्यांनी मी तिचे नाव घेतले. याला पक्षपात म्हणायचे असेल तर म्हण. तो मी केला आहे आणि पुन्हा करीन.

दुसरे कामही लिहून टाकतो; वाक्य अर्धवट सोडणे मला जमत नाही. दवाखान्यात मी एकटाच गेलो; तेथे माझ्या छातीचे चित्र काढले. डॉक्टरांचे मराठी अशुद्ध होते, परंतु अर्थ स्पष्ट होता. दिवाळीपर्यंतचे ते बोलले. त्यापुढचे बोलले नाहीत. प्रेमिलेला हे ठाऊक नाही. तूही कळवू नकोस. कळले, तर ती फी परत मागून माझ्या औषधांवर घालील, आणि तसे मी होऊ देणार नाही.

तेव्हा तेरवीला येऊ नकोस. जेवण नाही. लटारू तुला कर्ज काढायला सांगेल, काढू नकोस. ही माझी आज्ञा आहे.

प्रेमिला सोमवारच्या गाडीने चांद्याला जाईल आणि तुझ्या रुखमाआत्याकडे राहील. त्यानंतर घरी मी एकटाच आहे. यायचे असल्यास दिवाळीच्या आत ये. पैसे मिळणार नाहीत. पण मी पाठ करून उभा असणार नाही.

तुझा बाप,
गुणवंतराव