काळा पॅड, पांढरा पॅड

३ मे, रविवार
सासुरवाडीला जेवण. मेहुण्याच्या मुलीचं लग्न चोवीसला, त्याची चर्चा. नवरीला सजवलेल्या गाडीतून हॉलवर न्यायचं आहे. कोणाच्या गाडीतून, ते सासरे ठरवणार. गाड्या घरात दोनच. एक माझी, जुनी, रंगाने जरा विटलेली, आणि एक साडूची.
जेवणानंतर अंगणात सगळ्यांचा फोटो. साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मोठ्याने म्हणाला, "साडूभाऊ, गाडी जरा मागे घ्या, फोटोत धुकं येतंय."
सगळे हसले. सासरे कवळी सांभाळत हसले. मीही हसलो, हसावं लागतं. पण आत नोंद झाली आहे. याचा वचपा काढला नाही तर नाव सांगणार नाही.
गाडी मागे घेतली. फोटोत आलीच नाही.

४ मे, सोमवार
ऑफिसात दिवसभर अभ्यास. (साहेबांना वाटलं रिपोर्ट चालू आहे. असू दे.)
कळलं ते असं. गाडीच्या रंगावरचे ओरखडे मशीनने पॉलिश करून जातात. मशीन गौण. खरी गंमत त्याला लावायच्या फोमच्या पॅडमध्ये. कडक पॅड रंग खातो, मऊ पॅड चमक आणतो. नुसता कडक पॅड फिरवून सोडून दिलं तर गाडी उन्हात धुरकट दिसते.
हा शेवटचा भाग तीनदा ऐकला. चहा गार झाला.
प्लॅन: माझ्या गाडीला मऊ पॅड. साडूच्या गाडीला कडक पॅड. तेही प्रेमाने, आपणहून, फुकट.
मी मनाने वाईट नाही. पण धुक्याला धुक्यानेच उत्तर द्यावं लागतं.

६ मे, बुधवार
मशीन आणि पॅडचा सेट मागवला. बायकोला सांगितलं, ऑफिसचं पार्सल येणार आहे. ती म्हणाली, ऑफिसला आपला पत्ता कसा कळला. तिच्या बोलण्यात अलीकडे उगाच खोच असते.

९ मे, शनिवार
पार्सल आलं. पॅड तीन: काळा, पांढरा, नारिंगी. कुठला कडक ते वर लिहिलेलं नाही. बारीक अक्षरातला एक कागद होता. पार्सल खाली पार्किंगमध्येच उघडलं, चष्मा वर घरात राहिला होता, आणि पॉलिशच्या बाटलीखाली काहीतरी ठेवायला हवंच होतं.
तशी कागदाची गरजही नाही. डोकं आहे. कराटेत सगळ्यात वरचा पट्टा कुठला? काळा. म्हणजे काळा कडक. पांढरा पट्टा नवशिक्याचा, म्हणजे पांढरा मऊ. नारिंगी मधलाच कुठलातरी. ठेवून दिला.
बायकोने दोन्ही दाबून पाहिले. म्हणे काळा पावडरच्या पफसारखा आहे, आणि पांढऱ्याने कढया निघतील. टेक्निकल कडकपणा बोटाला कळत नाही, हे तिला कोण सांगणार.

१० मे, रविवार
ट्रायल. बेडरूममधलं लोखंडी कपाट, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. मऊ पॅडने, म्हणजे पांढऱ्याने, दारावर एक हात फिरवला.
दार धुरकट झालं. आधी त्यात निदान समोरच्या टॉवेलचं प्रतिबिंब दिसायचं, तेही गेलं.
क्षणभर विचारात पडलो. मग उलगडा झाला. कपाटाचा रंगच हलका. सासऱ्यांनी स्वस्तातलं घेतलं होतं, मला तेव्हाच शंका आली होती. गाडीचा रंग कंपनीचा असतो, त्याला काही होणार नाही.
आणि मुख्य मुद्दा. मऊ पॅडने ही अवस्था, तर कडक काळ्याने साडूच्या गाडीचं काय होईल! अंगावर काटा आला. आनंदाचा.
बायकोने कपाट पाहिलं. दारावर कॅलेंडर लावलंय.

१२ मे, मंगळवार
साडूला फोन. म्हटलं, लग्न आहे, तुमची गाडी मी मशीनने पॉलिश करून देतो, घरचंच कार्य.
तो गहिवरला. म्हणाला, तो फोटोच्या वेळी उगाच बोलून गेला, नंतर वाईट वाटलं. आता काय करायचं? मी जरा विरघळलो. प्लॅन रद्दच करणार होतो. तेवढ्यात त्याने विचारलं, आधी स्वतःच्या गाडीवर करून बघणार ना?
घडा भरला.

१६ मे, शनिवार
साडू गाडी सोडून गेला. निळी, गडद. आमच्या बिल्डिंगच्या तळघरातलं पार्किंग, एकच ट्यूबलाइट. कामाला योग्य.
काळा पॅड लावला. हात फार जपून चालवला, कारण गुन्हा डोळ्यावर येता कामा नये. स्पीड कमी. जोर अजिबात नाही. मशीन नुसतं रंगावर तरंगत ठेवलं. दर पॅनेलला थांबून फडक्याने पुसलं, पॅड ब्रशने साफ केला, पुढे गेलो. संयम लागतो सूडाला. तरुण लोकांना हे जमत नाही.
शेवटी कव्हर घातलं. रात्री तो न्यायला आला तेव्हा बजावलं, अंधारातच न्यायची, घरी परत कव्हर, लग्नाच्या दिवसापर्यंत उघडायची नाही, पॉलिश मुरतंय. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. मेहुणीने केक पाठवला होता. दोन तुकडे खाल्ले. चांगला होता. त्याचा आणि याचा संबंध नाही.

१७ मे, रविवार
माझी गाडी. पांढरा पॅड. मऊ असल्याने भीती नव्हती, म्हणून फुल स्पीड आणि अंगातला सगळा जोर. बॉनेटवर तर अक्षरशः ओणवा होऊन दाबलं. गाडी गरम झाली. म्हणजे काम आतपर्यंत पोचतंय.
पॉलिश उडालं. भिंत, दोन स्कूटर, वॉचमन. वॉचमन बाजूला जाऊन उभा राहिला.
मध्येच बायको खाली आली. सासऱ्यांचा फोन होता, गाडीबद्दल काहीतरी सांगू लागली. मशीन चालू. हाताने वर जा म्हणून खूण केली. महत्त्वाचं असतं तर परत सांगितलं असतं.
बॉनेटच्या कडेला तळहाताएवढा फिकट डाग दिसतोय. ट्यूबचं प्रतिबिंब. ट्यूब बंद करून मोबाइलचा उजेड टाकला, तरी होता. म्हणजे मोबाइलचं प्रतिबिंब.
कव्हर घातलं. नजर लागायला नको.

२० मे, बुधवार
हात अजून थरथरतात. ऑफिसात सही केली तर साहेब म्हणाले, ही कोणाची.
बसने जातोय. गाडी चोवीसलाच काढणार.
सीन डोळ्यासमोर येतो. सासऱ्यांचं अंगण, सकाळचं ऊन, दोन्ही कव्हरं एकदम निघतात. माझी मरून गाडी झगमगतेय. त्याची निळी दूध सांडल्यासारखी. सासरे एकदा तिच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मी पुढे होतो आणि दुःखाने म्हणतो, "अरेरे, साडूभाऊ, हे काय झालं हो?"
आरशासमोर म्हणून पाहिलं. "अरेरे" छान जमतंय. "हो" वर जरा हसू येतं, ते आवरायला हवं.

२४ मे, रविवार, पहाटे
निघतोय. अंधार आहे, तेच बरं. तिथे पोचून परत कव्हर घालायचं. बायको विचारतेय, बॉनेट असं का दिसतंय. दव आहे. वायपर लावून दाखवला. ती म्हणाली वायपर काचेवर असतात. आजच्या दिवशी वाद नको.
आज त्याचं नाक कापलं जाणार.

२४ मे, रात्री
दमलो. उद्या.

२५ मे, सोमवार
लिहायचं नव्हतं. पण लिहितो.
आधी साडूचं कव्हर निघालं. अंगणातले सगळे पुढे सरकले. गाडी विहिरीच्या पाण्यासारखी, खोल निळी. झाडाचं पान न् पान तिच्यात. मेहुण्याने गाडीच्या दारात बघून भांग पाडून घेतला.
मग माझं निघालं. ऊन नेमकं बॉनेटवर. टपापासून डिकीपर्यंत गोल गोल वळसे, कोणीतरी कढई घासावी तसे. आणि कडेला तो डाग. रंगाच्या खालचं जे कधी दिसू नये ते दिसत होतं.
मी "अरेरे" म्हणालो. अगदी तयारीप्रमाणे आलं.
तेवढ्यात फुलवाला टपावर बसवायची फुलांची चौकट घेऊन आला आणि विचारू लागला, मरून गाडी कुठली. मला कळेना. सासऱ्यांनी सांगितलं. नवरीने आजोबांना केव्हाच सांगून ठेवलं होतं, की लहानपणी काका (म्हणजे मी) मला ज्या गाडीतून शाळेत सोडायचे, तिच्यातूनच जाणार. धुळीने भरलेली असली तरी चालेल. चौकटीचं माप सतराव्या तारखेलाच ठरलं होतं. त्याच दिवशी हाच निरोप घेऊन बायको खाली आली होती.
मी न भांडताच जिंकलो होतो. आणि मी तेव्हा ओणवा होऊन जिंकलेलं घासून काढत होतो.
सासरे जवळ आले. डागावरून बोट फिरवलं. "जावईबापू," ते म्हणाले, "होती तशीच हवी होती हो."
ते हसले असते तर बरं झालं असतं.
मेहुण्याने डागावर हार पसरून पाहिला. चारही बाजूंनी डाग बाहेर येत होता. नवरी माझ्या गाडीकडे बघत होती. मग साडू पुढे झाला आणि किल्ली तिच्या वडलांच्या हातात ठेवली. दिसेल त्याला सांगत सुटला, की ही चमक आमच्या साडूभाऊंची, बिचाऱ्यांनी आमच्या गाडीवर एवढी मेहनत घेतली की स्वतःच्या गाडीला वेळच उरला नाही. मनापासून सांगत होता. ऐकवत नव्हतं.
फुलांची चौकट निळ्या गाडीला थोडी मोठी झाली. दोरीने बांधली.
माझ्या गाडीतून नवरीच्या बॅगा आणि जादा खुर्च्या गेल्या.
तो इतका चांगला वागला, हेही मी विसरणार नाही.

२८ मे, गुरुवार
पॉलिशच्या बाटलीखालचा कागद वाळला होता. चष्मा लावून वाचला. या सेटमध्ये काळा सर्वांत मऊ, पांढरा सर्वांत कडक. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, रंगावर जाऊ नये, वापरण्यापूर्वी बोटाने दाबून पाहावे.
कराटेवाल्यांनी गोंधळ घालून ठेवलाय.
पांढरा पॅड बायकोने कढया घासायला घेतला. निघतात म्हणाली. यापलीकडे ती काही म्हणाली नाही, याबद्दल तिचे आभार मानायला हवेत. अजून मानले नाहीत.

३१ मे, रविवार
लग्नाचे फोटो आले. सगळ्यात चांगला नवरी गाडीत बसतानाचा. ती हसतेय. तिच्या खाली, साडूच्या गाडीच्या दारात, मी. दोन्ही हातांत खुर्च्या, काखेत कोणाची तरी पर्स. इतका स्वच्छ मी घरच्या आरशातही दिसत नाही. दाढी करताना राहिलेला एक केससुद्धा आलाय. तोंडाचा आकार "अरेरे"चा.
साडूनेच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलंय, "बघा साडूभाऊ, या वेळी फोटोत अजिबात धुकं नाही."
टोमणा असेल म्हणून पाचदा वाचलं. टोमणा नाही. कौतुकच आहे.
मी अंगठा पाठवला.